प्रश्न तुमचे : स्पर्धा जिंकली, मग पुढे?

प्रश्न : मुलगी सोळा वर्षांची आहे. पियानोची आठवी ग्रेड पास झाली. कॉन्सर्ट पियानिस्ट व्हायचं म्हणते. मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली की मार्ग मोकळा होतो, हे खरं का? (एक पालक, पुणे)

उत्तर : दार उघडतं, पण आत शिरताना शिदोरी बांधलेली हवी. अमेरिकेत फोर्ट वर्थला व्हॅन क्लायबर्न स्पर्धा चार वर्षांनी होते. २०२२ साली कोरियाचा यूनचान लिम अठराव्या वर्षी तिथे पहिला आला. बक्षीस एक लाख डॉलर आणि तीन वर्षं कार्यक्रमांचं व्यवस्थापन. आमच्या मते यातलं दुसरं जास्त मोलाचं, आणि तेच जास्त जड जातं. बोलावणी लगेच सुरू होतात. दोनच कन्चेर्टो (ऑर्केस्ट्राच्या साथीने वाजवायच्या मोठ्या रचना) तयार असतील, तर तिसरा ऑर्केस्ट्रा वेगळी रचना मागतो आणि कलावंत ती महिनाभरात घाईघाईने बसवतो. कच्चेपणा तिथे कानावर येतो. म्हणून पाच-सहा कन्चेर्टो आणि सत्तर-ऐंशी मिनिटांचे एकल वादनाचे दोन कार्यक्रम आधीच हातात बसलेले असावेत. प्रत्येक रचना एकदा पक्की करून बाजूला ठेवायची आणि काही महिन्यांनी पुन्हा उचलायची. दुसऱ्या खेपेला ती खरी मुरते. आठव्या ग्रेडला मोजून तीन-चार छोट्या रचना असतात. रशियन संगीतकार रखमानिनॉवचा तिसरा कन्चेर्टो एकटाच चाळीस मिनिटांचा. मधलं अंतर वर्षांनुवर्षांचं आहे. ते चालायची तयारी असेल तर मुलीला जरूर पाठवा.

प्रश्न : अमेरिकेतल्या एका कार्यक्रमाचे ५००० डॉलर ठरले, तर हातात किती पडतात? (ठाणे)

उत्तर : परदेशी कलावंताच्या मानधनातून तिथे सहसा ३० टक्के कर आधीच कापतात, म्हणजे १५०० गेले. एजंटचं कमिशन साधारण १५ ते २० टक्के, तेही पूर्ण रकमेवर; २० टक्के धरले तर १०००. उरले २५००. विमान आणि हॉटेल कोणाकडे, हे करारात लिहून घ्या, नाहीतर तेही यातूनच जातं. मोठा दौरा असेल तर कपात कमी करून घेण्याचा अर्ज पहिल्या कार्यक्रमाच्या निदान ४५ दिवस आधी करावा.

प्रश्न : सतारिया आपली सतार घेऊन फिरतो. पियानिस्ट परक्या वाद्यावर कसा वाजवतो? (नाशिक)

उत्तर : स्टाइनवे कंपनीचा मोठा पियानो २७४ सेंटिमीटर लांब आणि पाचशे किलोच्या घरात. पोलंडच्या क्रिस्टियान झिमरमनसारखा एखादाच पियानिस्ट आपलं वाद्य बरोबर नेतो. बाकीच्यांना सभागृहातल्या वाद्याशी तास-दोन तासांत जुळवून घ्यावं लागतं. त्या वेळात अख्खा कार्यक्रम वाजवू नये. आधी बैठकीची उंची लावावी. मग अगदी हळू स्वरमेळ वाजवून बघावेत, एखादा स्वर गळतो का. एकच पट्टी भराभर वाजवावी. ती वेळेवर वर येत नसेल तर द्रुत जागा अडखळतात. उजवं पेडल किती दाबल्यावर तारा मोकळ्या होतात, ते पायाने शोधावं. डावं पेडल दाबलं की तारांवर आपटणारे सगळे हातोडे थोडे बाजूला सरकतात आणि त्यांच्यावरचा नमदा (दाबलेली लोकर) कमी झिजलेल्या जागी तारेवर पडतो. त्यामुळे आवाज नुसता हळू होत नाही, त्याचा रंगच बदलतो. शेवटी दुसऱ्याला वाजवायला बसवून मागच्या रांगेतून ऐकावं.

पियानो लावणाऱ्या तंत्रज्ञाला नेमकं सांगावं : "आवाज आवडत नाही" असं नव्हे, तर "मधल्या सप्तकातला एफ शार्प बाकीच्यांपेक्षा कर्कश आहे." तो नमद्याला सुया टोचून स्वर मवाळ करतो. जास्त टोचलं तर ते लगेच भरून येत नाही, म्हणून कार्यक्रमाच्या दिवशी एक-दोन स्वरांपलीकडे जाऊ नये. मुंबईच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, सूर चढतो. फक्त त्याच दिवशी एसी लावला तर हवा एकदम कोरडी होऊन ट्यूनिंग हलतं. तो काही दिवस आधीपासून चालू हवा, आणि पियानो लावून झाल्यावर कार्यक्रम संपेपर्यंत बंद करू नये.