तारांचा खर्च, पायांचा खर्च

प्रश्न : काका, नमस्कार. मी मूळचा दिग्रस तालुक्यातला, सध्या गुजरातेत मेहसाण्याजवळ एका लहान तेल कंपनीत आहे. लहान म्हणजे किती, तर ऑफिसात आम्ही नऊ जण. लिलावात घेतलेलं वीस चौरस किलोमीटरचं क्षेत्र, त्यात तीन जुन्या विहिरी. त्यातली एक थोडंबहुत तेल देते. चौथी कुठं मारायची यावर सहा महिने वाद चालू आहे. आमचे मालक म्हणतात, सिस्मिक हे मोठ्या कंपन्यांचं काम, आपण नकाशा पाहून विहीर मारू. आई घरी तुमचं सदर वाचते. तिनंच सांगितलं, त्यांना विचार. आमच्या खिशाला झेपेल असा काही रस्ता आहे का?

उत्तर : आधी आईला नमस्कार सांग. आता तुझ्या मालकांचं वाक्य. ते मी एकतीस वर्षं ऐकलं, तुमच्याहून मोठ्या ऑफिसांतूनही ऐकलं. आणि प्रत्येक वेळी माणूस हिशेब करायचा तो यंत्राचा. सिस्मिकमध्ये यंत्राचा खर्च होतोच, पण पैसा खरा जिरतो तो पायांत.

ज्यांना हे काम ठाऊक नाही त्या वाचकांसाठी दोन ओळी. जमिनीत भोक पाडून थोडी सुरुंगाची दारू उडवायची, नाहीतर जड गाडीनं जमीन थरथरवायची. तो हादरा खाली जातो, प्रत्येक थरावरून थोडा थोडा परत येतो, आणि वर मांडून ठेवलेले जिओफोन तो टिपतात. विहिरीत हाक मारली की तिचा घुमारा येतो, तसंच. घुमारा किती वेळानं आला यावरून थर किती खोल ते काढायचं.

मी ऑब्झर्व्हर होतो, म्हणजे रेकॉर्डिंगच्या गाडीत बसणारा. गाडीत मी आणि मदतनीस असे दोघंच. बाहेर मात्र झेंड्या रोवणारे सर्व्हेवाले, भोकं पाडणारे, तारा ओढणारे, दारू भरणारे, पिकाची भरपाई वाटणारा, स्वयंपाकी, ड्रायव्हर, सगळे मिळून एखादं लग्नाचं वऱ्हाड. पाऊस आला की शॉट, म्हणजे हादरे देणं, बंद, पण चूल चालूच. आणि सकाळ उजाडली की निम्मं वऱ्हाड तार कुठं तुटली ते शोधत निघायचं. कधी उंदरानं कुरतडलेली, कधी बैलगाडीच्या चाकाखाली गेलेली. एकदा तर एका पोरानं शेळी बांधायला कापून नेली होती. त्याला कोणी रागावलं नाही, गाठ फार सुरेख मारली होती त्यानं.

म्हणून खर्च कमी करायचा म्हणजे माणसाला किती जागी जावं लागतं ते कमी करायचं. आपल्याकडे पऱ्हाटी चौफुलीवर लावतात ना, थ्री-डीची, म्हणजे एका रेषेऐवजी अख्ख्या क्षेत्राखालचं चित्र टिपण्याची, मांडणी तशीच. ओळींत अंतर २०० मीटर आणि ओळीत दर २५ मीटरला एक जिओफोन धरला, तर एका चौरस किलोमीटरला ५ ओळी आणि ४० जागा, म्हणजे २०० ठिकाणं. तुमच्या २० चौरस किलोमीटरला ४,०००. तेच अंतर ३०० आणि ५० केलं तर चौरस किलोमीटरला सुमारे ६७, एकूण साधारण १,३००. प्रत्येक जागी माणूस दोनदा जातो, एकदा ठेवायला, एकदा उचलायला. बाकी गणित तू कर.

पण थांब, मी उतावीळ झालो. झेंडी रोवायच्या आधीचं काम सांगायचं राहिलं, आणि तेच सगळ्यात स्वस्त आहे. मेहसाण्याच्या पट्ट्यात कित्येक दशकं सर्व्हे होत आलेत. तुमच्या क्षेत्रावरून जुन्या टू-डी लाइन, म्हणजे एकेका रेषेवरचे सर्व्हे, नक्की गेलेल्या असतील. हायड्रोकार्बन महासंचालनालयानं २०१७ साली नॅशनल डेटा रिपॉझिटरी सुरू केली, तिथं मागणी करा. शेजारच्या क्षेत्रात थ्री-डी झालेलं असेल तर त्याची कड तुमच्या हद्दीत डोकावते का तेही विचारा. जुन्या टेपवरची नोंद आजच्या संगणकावर नव्यानं प्रोसेस केली की चित्र ओळखू येणार नाही इतकं सुधारतं. त्या काळी आमच्याकडे संगणकाचा वेळ रेशनच्या साखरेसारखा मोजून मिळायचा.

जुना डेटा घेताना एक खबरदारी. जुने नकाशे एव्हरेस्टच्या मापनपद्धतीवर आहेत, आजचा जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ वर. रूपांतर केलं नाही तर शॉटची जागा कित्येक मीटर सरकते, कधी कधी शेतच्या शेत. एका कंपनीनं, नाव घेत नाही, अशीच सरकलेली लाइन धरून विहीर मारली. फॉल्टच्या, म्हणजे खडक तुटून सरकलेल्या भेगेच्या, या बाजूला मारायची ती त्या बाजूला गेली. कोरडी. त्या लाइनचं रेकॉर्डिंग माझंच होतं आणि रेकॉर्डिंग चांगलं होतं, म्हणून अजून जीव चुटपुटतो.

दुसरी फुकटासारखी गोष्ट म्हणजे तुमच्या तीन विहिरी. वर हादरा द्यायचा आणि जिओफोन विहिरीत सोडून ऐकायचं, याला व्हीएसपी म्हणतात. सिस्मिकचं चित्र मुळात वेळेत असतं, सेकंदात. ते मीटरमध्ये उतरवायला खालच्या खडकातला वेग लागतो आणि तो विहीरच खात्रीनं सांगते. जुन्या विहिरींत केसिंग, म्हणजे आत बसवलेला लोखंडी पाइप, आणि त्यामागचं सिमेंट धड आहे का ते मात्र आधी पाहून घ्या.

आता मालकांना विचारायचा खरा प्रश्न : तुम्हाला बघायचंय काय? थराची जाडी की फॉल्टची जागा? वेग सेकंदाला २,४०० मीटर आणि लहर ४० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ४० हेलकाव्यांची, धरली तर तरंगाची लांबी ६० मीटर येते. त्याच्या चौथाईपेक्षा, म्हणजे १५ मीटरपेक्षा पातळ थराचा माथा आणि तळ वेगळा दिसत नाही. तुमचा तेलाचा थर सहा-सात मीटरचा असेल तर कितीही महाग थ्री-डी करा, तो सुटा दिसणार नाही. पण फॉल्ट दिसेल, आणि बहुतेक वेळा वाद फॉल्टचाच असतो. तेवढ्यासाठी विरळ मांडणी पुरते. मेहसाण्याकडे कोळशाचे थर आहेत, ते सिस्मिकवर इतके चमकतात की खालचं झाकून टाकतात. तिकडच्या मुरलेल्या माणसाला चित्र दाखवल्याशिवाय चमकेल त्याला तेल समजू नका.

मग तारांचं काय? तारा गेल्या. आता नोड आले आहेत. डबीएवढं यंत्र, आत बॅटरी, मेमरी आणि वेळ जुळवायला जीपीएस. काही तर किलोपेक्षा हलके. रोवून यायचं, आठवड्यांनी उचलायचं, भाड्यानंही मिळतात. उंदराला कुरतडायला काही राहिलं नाही. यात एक गंमत आहे. परावर्तित लहरींनी थर पाहण्याचा पहिला प्रयोग जे. सी. कार्चर यांनी १९२१ साली अमेरिकेत ओक्लाहोमात केला. तेलाचा भाव पडला आणि काम बंद पडलं, म्हणजे परवडण्याचं रडगाणं तेव्हापासूनचं. पुढे १९३० मध्ये त्यांनी भागीदारासोबत याच कामासाठी जिओफिजिकल सर्व्हिस नावाची कंपनी काढली. तीच वाढत जाऊन १९५१ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स झाली, आणि तिथंच १९५८ मध्ये जॅक किल्बी यांनी इंटिग्रेटेड सर्किट बनवलं. तेल शोधायला निघालेल्यांनी चिप केली, आणि चिप स्वस्त झाली म्हणून आज तुझ्यासारख्याच्या हाती नोड येतो.

आणखी एक नवी युक्ती आहे, तिला कॉम्प्रेसिव्ह सेन्सिंग म्हणतात. २००६ च्या सुमारास कँडेस, ताओ, डोनोहो या गणितज्ञांनी तिचा पाया घातला. जागा कमी करायच्या, पण चौफुली मोडून मुद्दाम वेड्यावाकड्या ठेवायच्या, आणि मधल्या गाळलेल्या जागा गणितानं भरून काढायच्या. अंतर एकसारखं ठेवून विरळ केलं तर खोटे थर उमटतात, अनियमित ठेवलं तर चूक धुरळ्यासारखी विखुरते आणि गाळता येते. चांगली युक्ती आहे. मात्र विकणारा ‘निम्म्या खर्चात दुप्पट चित्र’ म्हणाला तर चहा पाजून वाटेला लाव.

प्रोसेसिंगसाठी कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्सचं सिस्मिक युनिक्स हे सॉफ्टवेअर फुकट आहे, मादागास्कर नावाचं दुसरंही आहे. फुकट नाही तो चालवणारा माणूस. माझा सल्ला, प्रोसेसिंग केलेला एखादा निवृत्त माणूस तीन महिन्यांसाठी धरा, खुर्ची चांगली द्या आणि मालकांना त्याच्या खोलीत जाऊ देऊ नका.

सरकारनं २०१५ मध्ये छोट्या सापडलेल्या क्षेत्रांचं धोरण आणलं, त्यात पूर्वानुभवाची अटही ठेवली नाही. म्हणून तुमच्यासारखे नऊ जण या धंद्यात येऊ शकले. पण अनुभवाची अट नाही म्हणजे अनुभवाची गरज नाही, असं तुमच्या मालकांनी वाचलेलं दिसतं. जुना डेटा, व्हीएसपी आणि विरळ थ्री-डी या तिन्हींचा अंदाज काढून कागदाच्या एका बाजूला लिही, दुसऱ्या बाजूला एका कोरड्या विहिरीचा खर्च लिही आणि तो कागद त्यांच्या टेबलावर ठेव. बोलू नको काही.

प्रश्न : आमच्या आर्वी तालुक्यात मागं कधी तरी तारा टाकून सर्व्हे झाला होता. पुढं काहीच कळलं नाही. आपल्या काळ्या पाषाणाखाली तेल आहे का? आणि वरच्यासारखं स्वस्तात इथं पाहता येईल का?

उत्तर : पाषाणाखाली जुने गाळाचे थर असू शकतात, एवढंच म्हणता येतं. वणीच्या बाजूला पाषाणाच्या चादरीखाली कोळशाचे थर आहेतच. पण सगळीकडे तसं नाही. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल भोक पाडलं, तेव्हा ३३८ मीटर पाषाण, त्याखाली जेमतेम आठ मीटर गाळ आणि मग थेट अतिप्राचीन खडक लागला. तेल राहायला जागाच नाही.

स्वस्ताचं म्हणाल तर नाही जमत, भाऊ. वरच्या पोराला सांगितलेलं इथं लावू नका. मेहसाण्याकडे हाच आपला पाषाण सगळ्यात तळाशी आहे आणि तेलाचे थर त्याच्यावर, म्हणजे लहरीला तो शेवटी भेटतो. आपल्याकडे तो छातीवर बसलाय. त्यात लहर सेकंदाला पाच-सहा किलोमीटरनं धावते, खालच्या गाळात शिरताना मंदावते. पुष्कळशी ताकद पाषाणाच्या माथ्यावरूनच परत फिरते. विहीर खणताना तुम्ही पाहिलंच असेल, कडक पाषाण, मग मांजऱ्या, मग गेरूसारखा तांबडा पट्टा, पुन्हा पाषाण. या थप्पीत लहर आपटत राहते आणि बारीक लहरी तिथंच मरतात. खाली पोचतात त्या फक्त जाड्या, संथ लहरी. त्यांच्यासाठी जोराचा हादरा, लांबच लांब पसारा आणि दाट मांडणी लागते. खारपाणपट्ट्यात संत्रा लावून पाणी वाचवायचं म्हणण्यासारखं आहे ते. इथं विरळ सर्व्हे करणारा पैसे वाचवत नाही, ते पुरतो.

प्रश्न : लाइन वावरातून गेली तर काय बघावं? (नेर)

उत्तर : आत यायच्या आधी उभ्या पिकाचे फोटो आणि पंचनामा. विहीर किंवा बोअर जवळ असेल तर तसं आधीच सांगा आणि शॉट लांब घ्यायला लावा. ते सरकवतात, मी स्वतः कित्येक सरकवलेत. जाताना भोक नीट बुजवून घ्या, नाहीतर पहिल्या पावसात बैलाचा पाय जातो.

प्रश्न : भाऊ, थे मशीन घेऊन आमच्या वावरातलं पानी काहून नाई पाहत? (हा पत्रानं आलेला नाही, माझ्या धुऱ्याशेजाऱ्याचा आहे आणि तो दर उन्हाळ्यात विचारतो.)

उत्तर : पाहतो ना. हातोडा आणि लोखंडी पाटा घेतला, २४ जिओफोन दोन-दोन मीटरवर लावले की कडक पाषाण किती खोल आहे ते बरं कळतं. काळ्या मातीत लहर रांगते, पाषाणात पळते, फरक उघड दिसतो. पण पाषाणातली फट आणि त्या फटीतलं पाणी यात दिसत नाही. त्यासाठी विजेचा रोध मोजणारी पद्धत जास्त उपयोगी, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या ऑफिसात जाऊन विचार. हातावर नारळ ठेवून फिरणाऱ्या पानाड्यापेक्षा ते बरे.

तरी तुझ्या आग्रहाखातर दोन वर्षांपूर्वी एका कॉलेजातून यंत्र मागून आणलं होतं आणि भर उन्हात तूच हातोडा मारला होतास. एकोणीस फुटांवर पाषाण निघाला, खणलं तेव्हा अठराला लागला. पाणी मात्र तुझ्या बाजूनं पाझरलं, आणि मोटार मी बसवली आहे.