प्रॉक्सीचं बटण बंद केलं तरी परत चालू होतं

प्रश्न : घरी विंडोज १० चा कॉम्प्युटर आहे. पंधरा दिवसांपूर्वी पीडीएफ जोडायचं एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवलं. तेव्हापासून क्रोममध्ये प्रॉक्सी सर्व्हरशी संपर्क होत नसल्याचा संदेश येतो. विंडोजच्या प्रॉक्सी सेटिंग्जमध्ये १२७.०.०.१ आणि पोर्ट ८०८० असं भरलेलं दिसतं. बटण बंद केलं की नेट चालतं, पण कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला की बटण परत चालू! मोबाइलला त्याच वायफायवर काही अडचण नाही. जेल रोडवरच्या एका दुकानात विंडोज नव्यानं टाकायला सांगितलं. टाकून घ्यावं का?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : आत्ताच नको. प्रॉक्सी म्हणजे तुम्ही आणि नेट यांच्यामधला मध्यस्थ. १२७.०.०.१ हा बाहेरच्या कुठल्या सर्व्हरचा पत्ता नाही, प्रत्येक कॉम्प्युटर स्वतःलाच या पत्त्यानं ओळखतो. म्हणजे नेटवर जायचं तर आधी याच मशीनवर ८०८० पोर्टवर, म्हणजे त्या क्रमांकाच्या दारावर, बसलेल्या प्रोग्रॅमकडे जा, असं ब्राउझरला सांगून ठेवलंय. तो प्रोग्रॅम बंद असला की तुम्हाला दिसतो तो संदेश येतो. चालू असला तर साइट उघडतात, आणि ते जास्त वाईट, कारण सगळी ये-जा त्याच्यामार्फत होते. सफाई होईपर्यंत या मशीनवर बँकेचं काम करू नका.

ते बटण रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्ज साठवणाऱ्या नोंदवहीतल्या, ‘प्रॉक्सीएनेबल’ या नोंदीत १ किंवा ० लिहितं, एवढंच. त्यामुळे रजिस्ट्रीत जाऊन हातानं ० केलं तरी पुढच्या वेळी तिथे १ येणारच. लिहिणारा शोधायला हवा. क्रोमच्या एक्स्टेन्शनवर शंका घेऊ नका : एक्स्टेन्शन फक्त क्रोमची प्रॉक्सी बदलतं, विंडोजचं बटण हलवत नाही. ‘नेटएसएच विनएचटीटीपी रिसेट प्रॉक्सी’ ही आज्ञा बरेच जण सुचवतात. ती विंडोजच्या सेवांसाठी असते, ब्राउझरला तिचा उपयोग नाही.

कॉम्प्युटर रीस्टार्ट करा आणि बटणाला हात न लावता कमांड प्रॉम्प्ट उघडा. इंग्रजीत ‘नेटस्टॅट’, एक जागा, उणे-खूण आणि लगेच ‘एएनओ’ असं टाइप करून एंटर दाबा. यादीत १२७.०.०.१:८०८० पुढे ‘लिसनिंग’ लिहिलेली ओळ शोधा. तिच्या शेवटी एक आकडा असतो, तो पीआयडी, म्हणजे चालू प्रोग्रॅमचा ओळख-क्रमांक. आता कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, ‘डिटेल्स’मध्ये तोच आकडा शोधा, त्या ओळीवर राइट क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ निवडा. जो फोल्डर उघडेल त्याचं नाव लिहून घ्या. काही अँटिव्हायरसही असेच स्थानिक पोर्टवर बसतात, म्हणून नाव पाहिल्याशिवाय काही उडवू नका.

मग सेटिंग्जमधल्या ‘अ‍ॅप्स’ची यादी इन्स्टॉलच्या तारखेप्रमाणे लावा. ते पीडीएफवालं सॉफ्टवेअर आणि त्याच दिवशी सोबत शिरलेलं अनोळखी असेल ते अनइन्स्टॉल करा. फोल्डर मागे उरला तर तोही काढा.

नेटस्टॅटमध्ये ८०८० ची ओळच नसेल, तर प्रॉक्सीचा प्रोग्रॅम गेलाय आणि नोंद लिहिणारा तेवढा उरलाय. टास्क मॅनेजरचा ‘स्टार्टअप’ टॅब पाहा, आणि मुख्यतः टास्क शेड्यूलर, म्हणजे ठरल्या वेळी प्रोग्रॅम आपोआप चालवणारी विंडोजची सोय. लोक नेमकं इथेच बघायचं विसरतात. डावीकडे ‘टास्क शेड्यूलर लायब्ररी’वर क्लिक करा, ज्याच्या ‘ट्रिगर्स’मध्ये ‘अ‍ॅट लॉग ऑन’ आहे त्याचा ‘अ‍ॅक्शन्स’ टॅब उघडा. कुठली फाइल चालते ते तिथे पूर्ण मार्गासकट दिसतं. संशयित काम आधी ‘डिसेबल’ करा, डिलीट नंतर. शिवाय मालवेअरबाइट्स कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून असले नकोसे प्रोग्रॅम साफ करणारं अ‍ॅडवक्लीनर उतरवून एकदा चालवा, ते मोफत आहे.

आता बटण बंद करा, ‘यूज सेटअप स्क्रिप्ट’ही बंद ठेवा. ‘ऑटोमॅटिकली डिटेक्ट सेटिंग्ज’ चालू राहिलं तरी चालतं. दोनदा रीस्टार्ट करून बटण बंदच राहतं ना ते पाहा. राहिलं, तर या मशीनवर गेल्या पंधरा दिवसांत वापरलेले पासवर्ड मोबाइलवरून बदला, बँकेचा सगळ्यात आधी.