बंद पडलेल्या करारांचा अभ्यास करून पोट भरेल का?

सोलापूरच्या पूर्व भागातून एका वडिलांचं पत्र आलंय. टॉवेलचा कारखाना आहे, घरात तेलुगू आणि मराठी दोन्ही बोलतात. मुलगी बारावी कला शाखेतून उत्तम गुणांनी पास झाली. तिला राज्यशास्त्र घेऊन पुढे संरक्षणशास्त्र शिकायचंय. वडील विचारतात, "नाटो, सिएटो वाचून नोकरी कोण देणार? सिएटो तर केव्हाच बंद पडली."

सप्रेम नमस्कार.

सिएटो, म्हणजे आग्नेय आशिया करार संघटना ही लष्करी युती, १९७७ मध्ये बंद पडली, हे खरं. तरी माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी आधी तीच वाचायला सांगतो. १९५४ मध्ये व्हिएतनाममधल्या दिएन बिएन फू इथं फ्रेंचांचा पराभव झाला आणि साम्यवाद पुढे सरकेल या धास्तीनं अमेरिकेनं त्याच सप्टेंबरात मनिलामध्ये आठ देशांचा करार घडवला; त्यातूनच सिएटो उभी राहिली. नाव आग्नेय आशियाचं, पण त्या भागातले सदस्य दोनच: थायलंड आणि फिलिपिन्स. भारत आणि इंडोनेशिया लांब राहिले. नेहरूंनी उघड विरोध केला. पाकिस्तान मात्र आत गेला. त्याची नजर भारतावर होती.

खरी गंमत करारातच आहे. आपली बांधिलकी फक्त साम्यवादी आक्रमणापुरती, अशी नोंद अमेरिकेनं त्यात करून ठेवली होती. नाटोसारखी एकत्रित लष्करी कमानही सिएटोला नव्हती. मग १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत ही संघटना पाकिस्तानच्या मदतीला आली नाही, यात नवल ते काय! तुमची मुलगी अशी कलमं बारकाईनं वाचायला शिकली, तर ते कसब तिला जन्मभर पुरेल.

त्याचा पगार कोण देतं? परराष्ट्र सेवा, सैन्यदलं, वृत्तपत्रांचे परराष्ट्र विभाग, अभ्याससंस्था. अभ्याससंस्थांमधल्या जागा थोड्या आणि बऱ्याचशा दिल्लीत, हे तिला आत्ताच सांगा. तुमचा माल युरोपला जातो असं तुम्हीच लिहिलंय. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. असल्या घडामोडींचा अंदाज बांधणारी माणसं विमा आणि जहाज कंपन्यांनाही लागतात.

पदवी सोलापुरातच होऊ द्या. नंतर पुणे विद्यापीठाचा संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग आहे, नाहीतर सीयूईटी ही विद्यापीठ प्रवेश परीक्षा देऊन दिल्लीचं जेएनयू. यूपीएससीलाही हा अभ्यास वाया जात नाही. इंग्रजी वाचन रोज हवं; त्यात सवलत नाही. दोन भाषांत वाढलेल्या मुलीनं चिनी किंवा रशियन शिकायला घेतली, तर मला फार आनंद होईल.

या सुट्टीत तिला मनिला करार मुळातून वाचू दे, थोड्याच पानांचा आहे. पाकिस्तानला त्यात काय दिसलं आणि प्रत्यक्षात काय लिहिलं होतं, यावर तिनं दोन पानं मराठीत लिहावीत. ती पानं घेऊन दोघंही भेटायला या.