स्वादुपिंडाच्या ऑपरेशननंतर : तूप बंद करू नका, कॅप्सूल घासाबरोबर घ्या

यावेळची सगळी पत्रं स्वादुपिंडाचा काही भाग काढलेल्या रुग्णांच्या घरून आली आहेत. व्हिपल ऑपरेशनमध्ये स्वादुपिंडाच्या डोक्याबरोबर लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, पित्ताशय आणि पित्तनळीचा तुकडाही काढतात. शेपटीकडचा भाग काढताना बहुतेक वेळा शेजारची पाणथरी, म्हणजे प्लीहाही जाते. आपलं नेमकं कोणतं ऑपरेशन झालं हे आधी डिस्चार्ज कार्डावर पाहा. बरंचसं त्यावरच ठरतं. स्वादुपिंड अन्न पचवणारा पाचकरस बनवतं. ऑपरेशननंतर तो कमी पडतो, म्हणून तो बाहेरून कॅप्सूलमधून द्यावा लागतो. पत्रांतली कॅप्सूल ती हीच.

प्रश्न : आमच्या मालकांचं व्हिपल होऊन पाच महिने झाले. वजन ६८ किलोवरून ५७ वर आलंय. तेल-तूप पूर्ण बंद केलंय, तरी संडासला तेलकट होतं, पाणी ओतलं तरी भांड्याला चिकटून राहतं. १०,०००ची एक कॅप्सूल जेवण झाल्यावर देते. काय चुकतंय? (निपाणी)

ताई, तुमच्या सेवेत काही कमी नाही. पण तीन गोष्टी लगेच बदलायला हव्यात.

पहिली म्हणजे मात्रा. कॅप्सूलवरचा आकडा लायपेजचा, म्हणजे चरबी पचवणाऱ्या पाचकरसाचा असतो. मोठ्या माणसाला मुख्य जेवणाला साधारण ४०,००० ते ५०,००० युनिट आणि मधल्या वरच्या खाण्याला २०,००० ते २५,००० युनिटपासून सुरुवात करतात. तुमच्या मालकांना जेवणाला १०,०००च मिळतात. सर्जनना किंवा पोटाच्या डॉक्टरांना हा आकडा दाखवा आणि मात्रा वाढवून घ्या. तीन-चार दिवसांत फरक दिसला नाही तर पुन्हा विचारा. दिवसभरात वजनाच्या दर किलोमागे १०,००० युनिटच्या वर मात्र आपल्या मनाने जायचं नाही.

दुसरी, वेळ. पाचकरस अन्नात मिसळला तरच काम करतो. जेवण संपल्यावर घेतलेली कॅप्सूल अन्नाच्या मागे राहते. पहिल्या घासाबरोबर निम्म्या आणि अर्धी भाकरी झाली की उरलेल्या, अशा द्या. साध्या पाण्याबरोबर अख्ख्या गिळायच्या. चहाबरोबर नकोत, गरम आमटीत तर मुळीच टाकू नका, कारण उष्णतेने पाचकरस निकामी होतो. गिळायला जड जात असेल तर कॅप्सूल उघडून दाणे सफरचंदाच्या गार गरात मिसळा आणि लगेच, न चावता गिळायला सांगा. वर पाणी प्यायला द्या. दाणे तोंडात राहिले तर तोंड येतं.

तिसरी, तेल-तूप. ही चूक आम्हाला घरोघरी दिसते, आणि प्रेमापोटीच होते. चरबी बंद केली की माणूस आणखी वाळतो. भाकरीवर तूप, शेंगदाण्याची चटणी, अंडं, पनीर परत सुरू करा, पण त्या त्या वेळी कॅप्सूलसह. दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खायला द्या. वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरांकडून ठरवून घ्या. कोंडा आणि सालीसकटच्या कडधान्यांचा मारा तूर्त नको. त्यांनी पोट लवकर भरतं, आणि फार तंतुमय अन्न पाचकरसालाही अडवतं. कोरा चहा किंवा फळाची फोड यांना कॅप्सूल लागत नाही. दुधाचा पेला किंवा चहा-बिस्किटांना लागते.

एवढं करूनही तेलकटपणा राहिला तर आम्ल कमी करणारी गोळी जोडावी लागते, किंवा लहान आतड्यात जंतू वाढलेत का ते तपासावं लागतं. जीवनसत्त्व अ, ड, ई, बी-१२ आणि लोह यांची तपासणी वर्षातून एकदा कराच. ‘के’ कमी पडलं तर रक्त गोठायला वेळ लागतो, म्हणून तीही तपासणी जोडा. दर आठवड्याला एकाच काट्यावर, सकाळी उपाशीपोटी वजन घेऊन कॅलेंडरवर लिहून ठेवा.

मालक तंबाखूच्या वखारीत कामाला आहेत असं तुम्ही लिहिलंय. बिडी, तंबाखू, गुटखा आणि दारू, चारही पूर्ण बंद. ‘कमी केली’ चालणार नाही.

प्रश्न : वडील माळकरी आहेत. कॅप्सूल डुकरापासून बनते असं कळलं. त्यांना न सांगता द्यावी का? (खानापूर)

न सांगता देऊ नका. माहिती खरी आहे : हा पाचकरस डुकराच्या स्वादुपिंडातून काढतात. दुकानात मिळणारी पपेन किंवा फंगल डायस्टेजची पाचक सिरपं ही जागा घेऊ शकत नाहीत, कारण ती मुख्यतः पिठूळ पदार्थ आणि प्रथिनांवर चालतात, चरबीवर नाही. वडिलांना सगळं समजावून सांगा. ज्या महाराजांना ते मानतात त्यांच्याशी बोलू द्या. औषध म्हणून घ्यायला अनेक जण तयार होतात. नाहीच म्हणाले तर आहारतज्ज्ञांकडून एमसीटी तेल, म्हणजे मध्यम साखळीच्या चरबीचं खास तेल, ठरवून घ्या. ते लायपेजविनाही बऱ्यापैकी शोषलं जातं. कॅप्सूलइतकं पुरत नाही, पण वजनाची घसरण थोपवायला हातभार लागतो.

प्रश्न : आईची साखर कधी ६०, कधी ३००. इन्सुलिन चालू आहे. चक्कर आली की कुंदा देतो. (चिकोडी)

कुंदा नको. त्यातल्या खव्या-तुपामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. साखर ७०च्या खाली गेली की तीन चमचे साखर, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम, अर्धा पेला पाण्यात विरघळवून द्या. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, कमीच असेल तर परत द्या, मग काही खायला द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका. कुशीवर वळवून १०८ला फोन करा.

हा मधुमेह नेहमीच्यासारखा नसतो. स्वादुपिंड इन्सुलिन बनवतं तसं साखर वर आणणारं ग्लुकॅगॉनही बनवतं, आणि आईकडे आता दोन्ही कमी आहेत. त्यात पाचक कॅप्सूल चुकली की अन्न अंगी लागत नाही, पण टोचलेलं इन्सुलिन काम करत राहतं, आणि साखर धाडकन खाली येते. म्हणून कॅप्सूल आणि इन्सुलिन एकाच वहीत लिहा. उलटंही होतं : कॅप्सूल नीट सुरू झाली की अन्न शोषलं जाऊन साखर वाढते आणि इन्सुलिनचा डोस बदलावा लागतो. ते डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा. एकादशी, संकष्टीचे उपवास आईला सोडायला सांगा.

प्रश्न : भावाच्या स्वादुपिंडाची शेपटी आणि पाणथरी काढली आहे. ताप आला तर गोळी देऊन एक दिवस वाट पाहावी का? (बेळगाव, शहापूर)

अजिबात नाही. पाणथरी नसली की काही जंतू तासांत रक्तात पसरतात. १००.४ अंश किंवा त्याहून जास्त ताप, थंडी किंवा थरथर सुरू झाली की रात्र असली तरी दवाखाना गाठायचा. डॉक्टरांनी घरी ठेवायला प्रतिजैविक दिलं असेल तर पहिला डोस घेऊन निघा. जंगलपट्ट्यातल्या गावांतून शहर गाठायला वेळ लागतो. तिथे ही गोळी मागूनच घ्यावी. न्यूमोकोकल, मेनिंगोकोकल आणि हिब (हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी) या जंतूंवरच्या लशी ऑपरेशनआधी झाल्या नसतील तर ऑपरेशनला १४ दिवस उलटल्यावर घ्यायच्या. फ्लूची दरवर्षी. कुत्रा चावला तर रेबीजच्या लशीबरोबर ‘पाणथरी नाही’ हेही सांगा, प्रतिजैविक लागतं. हीच ओळ मराठी, कन्नड आणि इंग्रजीत लिहून पाकिटात ठेवा. रात्रपाळीच्या डॉक्टरांना ती लगेच वाचता यावी.

व्हिपल झालेल्यांनीही थंडी वाजून ताप किंवा डोळ्यांत पिवळेपणा दिसला तर त्याच दिवशी जावं. पित्तनळीचा जोड अरुंद झाल्याची ती खूण असू शकते.

प्रश्न : व्हिपल झालंय, मधुमेह नाही. पुतणीच्या लग्नात मांडे खाऊ का? (बेळगाव)

खा, पण अर्धा, आणि जेवणाच्या शेवटी. रिकाम्या पोटी एकदम गोड गेलं तर धडधड, घाम, जुलाब होतात. तुपातला मांडा वरचं खाणं समजू नका. त्याच्यासाठी वेगळ्या कॅप्सूल लागतील. खिशात दोन जास्तीच्या ठेवा. मोटारसायकलच्या डिकीत उन्हात नको, २५ अंशांच्या वर त्या बिघडू लागतात.