शेजारचे 71 च्या लढाईतले फौजी आजोबा गेले, शोकसभेत त्यांच्यावर काय अन कसं लिहून वाचू?

पहिलं सांगतो, 'शत्रूचे दात घशात घातले' असलं काही लिहू नका. दात म्हटलं की माझं डोकंच फिरतं.

माझे काका सिग्नल्समध्ये (फौजेचं फोन-वायरलेस सांभाळणारी शाखा) लाईनमन, हवालदार म्हणून रिटायर झाले. शेवटचं पोस्टिंग महूला (सिग्नलवाल्यांचं मोठं कॉलेज तिथंच), म्हणून मग इंदूरला सुदामा नगरात घर केलं. समोरचा वरचा एक दात अर्धा तुटलेला. 71 ला ते पाकिस्तानातल्या शकरगढच्या बाजूला होते, डिसेंबरची थंडी, धुकं. फोनची तार जमिनीवरूनच टाकलेली असायची, ती गोळ्यांनी तुटायची तशीच आपल्याच रणगाड्यांच्या पट्ट्यांखाली पण तुटायची. मग लाईनमनने रात्री तार हातात धरून चालत जायचं, टॉर्च लावायची नाही, मधेमधे तारेला फोन जोडून बघायचं, मागचा बोलतोय अन पुढचा बोलत नाही म्हणजे तूट पुढे आहे. एकदा बोटं इतकी गारठली की पक्कड धरवेना, म्हणून काकांनी दातानेच तार सोलली अन अर्धा दात गेला. सवय मात्र गेली नाही, गणपतीत गल्लीतल्या लाईटच्या माळा दुरुस्तीला त्यांच्याकडेच यायच्या, ते दातानेच सोलायला बसायचे अन काकू आतून ओरडायची.

काका गेल्यावर शोकसभेत आतेभाऊ उभा राहिला अन वाचलं काय, तर हातघाईच्या लढाईत दात गमावला आणि शौर्यपदक मिळालं! मी बघतच राहिलो, हा काय वाचून राहिलाय? काकांकडे पश्चिमी स्टार अन संग्राम मेडल होतं, दोन्ही त्या वेळी ड्यूटीवर असण्याची मेडलं, शौर्याची नाहीत. वीर चक्र असतं तर राजपत्रात नाव छापून आलं असतं ना. तेराव्याला मी हे तोंडावर बोललो तर म्हणतो, "तार जोडत होते असं सांगितलं तर मामांची काय इज्जत राहील?" अरे, तोफांना गोळा कुठं टाकायचा ते त्याच तारेवरून कळत होतं! आत्या रडली, तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

तर तुमचं. घरच्यांकडून डिस्चार्ज बुक मागून घ्या, ट्रेड, युनिट, नोकरीची वर्षं सगळं त्यात असतं. संग्राम मेडल असेल तर त्याच्या कडेवर नंबर अन नाव कोरलेलं असतं, ते बघा. रेकॉर्ड ऑफिस ज्याचं त्याचं वेगळं, सिग्नल्सचं जबलपूरला, महार रेजिमेंटचं सागरला, पण तिथं अर्ज घरच्यांनीच केलेला बरा, शेजाऱ्याला कोण कशाला सांगेल. अन आजोबांच्या बायकोला नक्की विचारा, लढाईचं नाही, घरी आल्यावर काय करायचे ते.

बाकी दाताचं म्हणाल तर ते काकांनी सांगितलेलं, काकूच्या मते तो आधीच किडका होता. पण माळा दाताने सोलताना मी स्वतः बघितलंय.

डिस्चार्ज बुकची आधी झेरॉक्स काढून ठेवा. काकांचं आतेभावाकडे आहे, परत मागायचं कसं ते मला कोणी सांगा.