मॅजिक: द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळात क्रीचरवर चालणारा अनंत मानाचा डेक कसा बांधावा?

तुमच्याकडे डिवोटेड ड्रुइड या क्रीचरचे (लढणाऱ्या पत्त्याचे) चार पत्ते जमलेत, मॉडर्न या खेळप्रकारासाठी डेक करायचाय, आणि व्हिजियर ऑफ रेमेडीज हाती लागली नाही तर तिच्या जागी सोलेम्निटी चालेल का, असं विचारलंय. शेवटचं आधी सांगतो: नाही चालणार.

ड्रुइड टॅप करून (म्हणजे पत्ता आडवा करून) एक हिरवा माना (पत्ते खेळायला लागणारी ऊर्जा) देतो, आणि स्वतःवर एक -1/-1 काउंटर (ताकद आणि टिकाव एकेकाने घटवणारी खूण) ठेवून अनटॅप होतो, म्हणजे पुन्हा उभा राहतो. तो काउंटर ठेवणं ही त्या अनटॅपची किंमत आहे. व्हिजियर तुमच्या बाजूला टेबलावर असली की ठेवायच्या काउंटरमधून एक वजा होतो. म्हणजे ठेवायचे शून्य, पण किंमत भरली गेली असंच नियम धरतात, आणि ड्रुइड हवा तितक्या वेळा टॅप-अनटॅप करून अनंत माना काढता येतो. सोलेम्निटी मात्र काउंटर ठेवूच देत नाही. ठेवता येत नाही तर किंमत भरता येत नाही, आणि ड्रुइड आडवाच पडून राहतो. मेलिरा, सिल्वोक आउटकास्टचंही तेच. मेलिरावर पूर्वी पर्सिस्टचे (मेल्यावर -1/-1 काउंटर घेऊन परत येणाऱ्या क्रीचरचे) डेक चालायचे, त्यामुळे बरेच जण इथे गोंधळतात.

आता खरा मुद्दा. ढिगाने माना आला म्हणजे डाव जिंकला असं नाही. तो फेज (पाळीचा टप्पा) संपताच उडून जातो, म्हणून त्याच मेन फेजमध्ये तो खपवणारं काहीतरी हवं. सगळ्यात सोपी वॉकिंग बॅलिस्टा. तिच्या किमतीतला एक्स हा आकडा तुम्ही ठरवायचा: एक्सच्या दुप्पट माना ओता, बॅलिस्टावर एक्सइतके +1/+1 काउंटर येतात, ते एकेक काढून समोरच्याला मारा. ('अनंत' म्हणून भागत नाही, आकडा सांगावा लागतो. दहा लाख म्हणा आणि मोकळे व्हा.) पण बॅलिस्टा हातातूनच खेळायची. कलेक्टेड कंपनी या पत्त्यातून थेट टेबलावर निघाली तर एक्स शून्य, आणि ती आल्या आल्या मरते. म्हणून बॅलिस्टा दोनच ठेवा आणि जोडीला दोन डस्कवॉच रिक्रूटर. रिक्रूटर कंपनीतून थेट टेबलावर येतो, आणि तीन-तीन मानाला वरचे तीन पत्ते बघत बॅलिस्टापर्यंत पोहोचवतो.

कंपनी हा डेकचा कणा. वरचे सहा पत्ते बघून तीन किंवा कमी मानाचे दोन क्रीचर फुकट उतरवते, म्हणून साठ पत्त्यांच्या डेकमध्ये असे निदान 25 क्रीचर हवेतच. बॅलिस्टा त्यात धरू नका. शक्यतो कंपनी समोरच्याच्या एंड स्टेपला (पाळीच्या शेवटी) खेळा. ड्रुइड आणि व्हिजियर एकदम निघाले तर तुमची पाळी येईपर्यंत ड्रुइडची समनिंग सिकनेस (नव्या क्रीचरला लगेच टॅप करून माना काढता न येणं) गेलेली असते. व्हिजियरला टॅप व्हायचंच नसतं, ती कधीही आली तरी चालते.

कॉर्ड ऑफ कॉलिंग लायब्ररीतून (तुमच्या गड्डीतून) क्रीचर शोधून थेट टेबलावर आणतो, आणि त्यात एक गंमत आहे. एक्स दोन धरून व्हिजियर शोधायला पाच माना लागतो, आणि त्यासाठी आधीच्या पाळीपासून टेबलावर असलेला ड्रुइडही बेधडक टॅप करा. व्हिजियर उतरली की तो फुकटात उभा राहतो. समोरच्याकडे लाल माना शिल्लक असेल तर मात्र घाई नको. अनटॅपची अबिलिटी स्टॅकवर जाते (लगेच घडत नाही, समोरच्याला उत्तर द्यायला वेळ मिळतो), तेवढ्यात लाइटनिंग बोल्ट पडला की 0/2 (ताकद शून्य, टिकाव दोन) ड्रुइड संपला. समोरचा टॅप आउट होईपर्यंत (त्याचा सगळा माना संपेपर्यंत) कॉर्ड हातात धरून बसा.

बाकीची भरणी सरळ आहे: चार व्हिजियर, चार नोबल हायरार्क, तीन-चार बर्ड्स ऑफ पॅराडाइज, चार कंपनी, तीन कॉर्ड, दोन-तीन एलाडाम्रीज कॉल, 21 लँड (माना देणारे पत्ते). उरलेल्या जागी कॉम्बोचे आणखी तुकडे कोंबू नका असं माझं स्पष्ट मत आहे. इटर्नल विटनेस, नाइट ऑफ ऑटम असे एकटे आले तरी उपयोगी पडणारे क्रीचर घाला. अर्धे डाव तुम्ही कॉम्बोशिवाय, साध्या हल्ल्यांनीच जिंकणार आहात.

साइडबोर्ड (डावांच्या मधे बदलायचे राखीव पत्ते) बांधताना समोरच्याचा ग्राफडिगर्स केज हा पत्ता डोळ्यासमोर ठेवा. तो लायब्ररीतून क्रीचर थेट उतरू देत नाही, म्हणजे कंपनी आणि कॉर्ड दोन्ही गारद. एलाडाम्रीज कॉल पत्ता हातात आणतो, त्यामुळे तो चालू राहतो. त्याने नाइट ऑफ ऑटम आणा, केज फोडा, आणि पुढच्या पाळीला कंपनी खेळा.