लहान विद्यार्थ्यांच्या पियानो रिसायटलसाठी भुताखेतांच्या आणि शरद ऋतूच्या रचना कशा निवडाव्यात?

तुम्ही निपाणीत सहा ते तेरा वयाच्या मुलांना पियानो-कीबोर्ड शिकवता, ऑक्टोबरअखेरीस छोटं रिसायटल (मुलांच्या वादनाचा कार्यक्रम) करायचंय, मुलांना हॅलोवीन हवंय आणि पालक म्हणतात काहीतरी आपलंही असू दे. मी बेळगावात टिळकवाडीत शिकवते. माझ्याकडेही दरवर्षी हाच पेच असतो, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आधी एक नियम, बाकी सगळं त्याच्या मागून. भीतीची रचना मुलाच्या सध्याच्या पातळीपेक्षा एक पायरी खालची घ्या. नाचाची किंवा कूच करण्याची रचना थोडी अडखळली तरी निभावून जाते, भीती निभावत नाही. ती हळू वाजवण्यात असते, मधल्या थांबण्यात असते, एकदम दिलेल्या जोरात असते. ज्या मुलाचं सगळं लक्ष पुढची पट्टी शोधण्यात गुंतलंय त्याला यातलं काहीच जमत नाही. ते घाबरून धडाधडा वाजवत सुटतं आणि समोरची मंडळी घाबरतात ती त्याच्या काळजीनं.

रचनेच्या नावावर भुलू नका. हॅलोवीनची पुस्तकं मिळतात, मुखपृष्ठावर भोपळा आणि वटवाघूळ, आत मात्र नेहमीचीच पाच बोटांची चाल मायनरमध्ये (उदास वाटणाऱ्या स्वरांत) घातलेली. काही खरोखर चांगली असतात. मी चित्रं झाकते, पहिल्या चार ओळी वाजवून बघते आणि मगच ठरवते.

माझी पहिली पसंती कायम नॉर्वेचा संगीतकार ग्रीग याच्या ‘इन द हॉल ऑफ द माउंटन किंग’ला. ‘पीर गिंट’ नाटकासाठी त्यानं १८७५ मध्ये संगीत लिहिलं, त्यात नायक डोंगरातल्या राक्षसांच्या राजाच्या दरबारात सापडतो तो प्रसंग. गंमत म्हणजे ग्रीगला स्वतःला हे ऐकवत नसे, या रचनेला शेणाचा वास येतो असं त्यानं मित्राला पत्रात कळवलं होतं. पण शिकवणाऱ्यासाठी ही रचना म्हणजे सोनं आहे. सगळा डोलारा एकाच चालीवर उभा आहे. सुरुवात खर्जात, अगदी दबक्या आवाजात, मग तीच चाल पुन्हा, पुन्हा, दरवेळी थोडी जलद आणि थोडी मोठ्यानं, शेवटी सगळं अंगावर कोसळतं. म्हणजे मुलाला एकच चाल शिकायची आहे! दुसऱ्या वर्षाच्या मुलाला चाल द्या आणि खालची साथ तुम्ही धरा, वेग वाढवायचं काम आपोआप तुमच्या हातात राहतं. सरावात मात्र शेवटच्या वेगानं अजिबात वाजवू देऊ नका. मुलं घरी तेवढंच वाजवतात, आणि कार्यक्रमात सुरुवातच पळत होते.

दुसरी सें-साँसची ‘दान्स माकाब्र’, १८७४ ची. मध्यरात्री सांगाडे कबरीतून उठून नाचतात ही कल्पना. अख्खी रचना लहानांना झेपणारी नाही, पण तिची सुरुवात बघा: घड्याळाचे बारा ठोके, वाद्यवृंदात हार्प एकच ‘डी’ बारा वेळा छेडते. तुमचा सर्वांत छोटा विद्यार्थी, ज्याला अजून डावा हातही नीट येत नाही, त्याला हे बारा ठोके द्या आणि कार्यक्रमाची सुरुवातच त्यानं करा. सगळे ठोके सारख्या अंतरानं, शेवटचे तीन हळूहळू विरत जाणारे. सोपं वाटतं, पण सहा वर्षांच्या मुलाला याला आठवडाभर लागतो. समोर बसलेले आजी-आजोबा मनात मोजायला लागतात, सभागृह आपोआप शांत होतं.

त्यानंतर मूळ रचनेत व्हायोलिन घुसतं, त्याची सगळ्यात वरची तार मुद्दाम अर्धा सूर उतरवलेली. त्यामुळे शेजारच्या दोन उघड्या तारा एकत्र वाजल्या की जे अंतर ऐकू येतं ते म्हणजे आपला सा आणि तीव्र म. आपल्या भागात निम्म्या मुलांच्या घरी पेटी असते. त्यांना सांगा, पेटीवर सा आणि तीव्र म एकदम दाबा आणि आजीला विचारा कसं वाटतं. एवढं कळलं की मुलं स्वतःहून भीती शोधायला लागतात.

चायकॉव्स्कीच्या १८७८ मधल्या मुलांसाठीच्या संग्रहात (चोवीस छोट्या रचना, भाच्याला अर्पण केलेल्या) ‘बाबा यागा’ आहे, रशियन लोककथेतली चेटकीण. ती ई मायनरमध्ये आणि फार जलद आहे, तयारीच्या मुलांनाच द्या. त्याच संग्रहातली ‘आजारी बाहुली’ मला जास्त आवडते. संथ, सुरांमध्ये श्वास अडकल्यासारखी विश्रांती. नऊ-दहा वर्षांच्या हळव्या मुलीला ती शोभते आणि वाजवायला अवघड नाही. शेजारचीच ‘बाहुलीची अंत्ययात्रा’ मात्र मी टाळते. दिवाळीच्या तोंडावर कार्यक्रमपत्रिकेत अंत्ययात्रा छापली की कुणाच्या ना कुणाच्या आजीला खटकतंच, आणि तिचं चूक आहे असं मला वाटत नाही. गुनोची कळसूत्री बाहुलीची अंत्ययात्रा खरं तर विनोदी आहे, शोक करणारी मंडळी वाटेत खानावळीत थांबून खातात-पितात. पण तिलाही हाच आक्षेप येतो. घ्यायचीच तर निवेदनात गोष्ट रंगवून सांगा.

तिसऱ्या-चौथ्या ग्रेडच्या (पियानोच्या परीक्षांची पातळी) मुलांना बुर्गम्युलरच्या ओपस १०० या संग्रहातलं ‘बालाद’. उजव्या हाताला तुटक कॉर्ड (एकदम दाबलेले दोन-तीन सूर), त्यांच्याखाली डावा हात कुजबुजत पळतो. आत्मविश्वास असलेल्या मुलाला हे तुफान आवडतं. शूमनचा ‘क्नेख्त रुप्रेख्त’ खरं तर डिसेंबरातला, संत निकोलसबरोबर येऊन खोड्याळ मुलांना दटावणारा, थोडक्यात जर्मन बागुलबुवा. दोन्ही हात खर्जात एकत्र गुरगुरतात. महिना चुकला म्हणून कोणी तक्रार करणार नाही.

आता ‘आपलं काहीतरी’. मुलांना चकवा सांगा. खानापूरच्या जंगलाकडचं कोणी असेल तर गोष्ट त्यालाच सांगू दे: माणूस चालत राहतो आणि फिरून त्याच झाडापाशी येतो. डाव्या हाताला चार सूर, ए बी सी बी, न थांबता. उजवा हात दरवेळी थोडा पुढे जायचा प्रयत्न करतो आणि पुन्हा ‘ए’वर येतो. नोटेशन नाही, मुलानं स्वतः रचायचं, लांबी एक मिनिटाच्या आत. माझ्या कार्यक्रमांत लोक घरी जाताना बहुतेक वेळा यावरच बोलत असतात, ग्रीगवर नाही.

शरद ऋतूच्या बाबतीत परदेशी याद्या बाजूला ठेवा. त्यात सगळीकडे गळणारी पानं. आपल्याकडे पानगळ माघ-फाल्गुनात, ऑक्टोबरात रानं हिरवी आहेत, भात पिवळं पडतंय, परतीचा पाऊस कापणीत घोटाळा करतोय. मुलानं जे पाहिलंच नाही ते त्यानं वाजवायचं कसं? सुगीच्या रचना घ्या. १७२५ मध्ये छापल्या गेलेल्या विवाल्दीच्या ‘ऋतूं’मधला शरद सोबतच्या सुनीतासकट वाचा: शेतकरी पीक हाती आल्याच्या आनंदात नाचतात, पितात आणि झोपून जातात. पहिल्या भागाची चाल सोपी करून मिळते, सात वर्षांचं मूलही वाजवतं. शूमनच्या मुलांच्या संग्रहात कामावरून घरी परतणारा ‘आनंदी शेतकरी’ आहे, चाल डाव्या हाताला, आणि एक छोटं कापणीचं गाणंही. चायकॉव्स्कीचं ऑक्टोबरचं ‘शरदगीत’ सुंदर आहे पण मुलांचं नाही, ते तुम्ही स्वतः वाजवा. शिक्षकानंही एखादं वाजवावं, पालकांना बरं वाटतं.

वाद्याचं बघून निवड करा. बहुतेक मुलांकडे एकसष्ट पट्ट्यांचा कीबोर्ड असतो, त्यावर पियानोचा खालचा खर्ज नसतो, आणि स्वस्त मॉडेलवर हळू-जोरात हा फरकच येत नाही. अशा घरच्या मुलाला ग्रीग दिला तर बिचाऱ्याचा सराव फुकट. त्याला चर्च ऑर्गनचा आवाज लावून बाखच्या डी मायनर टोकाटा या ऑर्गनच्या रचनेची सुरुवात द्या. ऑर्गनला दाबाचा फरक नसतोच, त्यामुळे काही बिघडत नाही. खरा पियानो असेल तर पावसाळ्यानंतर पट्ट्या फुगून अडकतात, आधी तपासून घ्या. माझ्याकडचा ट्यूनर गोव्याहून येतो आणि ऑक्टोबरात त्याची वेळ मिळता मिळत नाही.

दिवे मंद करायचे असतील तर पियानोवर आकाशकंदील ठेवा, आणि तशाच उजेडात एकदा तालीम घ्या. काळ्या पट्ट्या दिसेनाशा होतात.

तारखेबद्दल: ३१ ऑक्टोबरचा हट्ट नको. दुसऱ्या दिवशी कर्नाटक राज्योत्सव, आपल्या सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिन, आदल्या संध्याकाळपासूनच हॉल मिळणं आणि रस्त्यानं येणं-जाणं अवघड. २ नोव्हेंबरला ख्रिस्ती कुटुंबं स्मशानात आपल्या माणसांसाठी प्रार्थनेला जातात, तेव्हा सांगाड्यांचा नाच बरा दिसत नाही. मी कोजागरीच्या आसपासचा शनिवार धरते. ती बहुतेक वर्षी ऑक्टोबरातच येते, दसऱ्याच्या सुट्टीत सरावाला वेळ मिळतो आणि शेवटी मसाला दूध देता येतं.

वर सांगितलेल्या मूळ रचनांच्या नोट्स आयएमएसएलपी या संगीतलेखनाच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. ग्रीगचं चार हातांचं स्वतःचं रूपांतरही तिथे आहे, पण ते मोठ्यांसाठी. मुलाची ओळ तुम्हालाच सोपी करून लिहावी लागेल.